ईशान फ्रान्समध्ये आहे

६ सप्टेंबर, शनिवार

सेंटरमधल्या मेगन नावाच्या समुपदेशक बाईंनी सांगितलं म्हणून ही वही. पालकांनी मनातलं लिहून काढावं, त्यानं मुलांना मदत होते, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतः ईशानपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठ्या असतील. मी मान डोलावली. मनातलं बिनातलं मी लिहिणार नाही, घडलेलं लिहीन. इन्शुरन्स कंपनीत सत्तावीस वर्षं लोकांचे क्लेम खरे की खोटे ते तपासतोय, घडलेलं कसं लिहावं हे मला कुणी शिकवायला नको.

तर घडलं ते असं. ईशान, आमचा एकुलता एक, वय बावीस, फेब्रुवारीत कॉलेजच्या खोलीत अकरा दिवस पडून होता. वर्गात गेला नाही, धड जेवला नाही, कुणाचा फोन उचलला नाही. शेवटी त्याच्या रूममेटनं रेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, कळवलं. आधी हॉस्पिटल झालं, मग तीन महिने घरी पडदे ओढून झोपणं झालं, आणि जूनपासून तो एल्जिनच्या पलीकडं या सेंटरमध्ये राहतो. डिप्रेशन. आम्ही इलिनॉयमध्ये शॉमबर्गला राहतो, तिथून त्याचं कॉलेज गाडीनं अडीच तास. एक फोन करायला काय झालं होतं त्याला? आहे त्या कपड्यांनिशी निघालो असतो मी. हे मी मेगनबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "दॅट्स अ गुड क्वेश्चन."

आता फ्रान्स. मे महिन्यात इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जो तो पेढे मागायला लागला. ईशानची डिग्री झाली असणार, पार्टी कधी? माझ्या तोंडून निघून गेलं, "तो फ्रान्सला गेलाय. वर्षभर ब्रेक. तिथं कालव्यांच्या काठानं सायकलवर फिरतोय." अगदीच हवेतून काढलं नव्हतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तो खरंच हे करायचं म्हणत होता. तेव्हा मी म्हटलं होतं, आधी डिग्री घे, मग काय त्या खडीवर लोळायचं ते लोळ.

गोष्ट दोन दिवसांत नाशिकला पोचली. शोभनाताईनं, माझ्या थोरल्या बहिणीनं, 'पाटणकर परिवार' ग्रुपवर लिहिलं, "अरे वा, फोटो टाक की." त्रेचाळीस माणसं त्या ग्रुपवर. मी ईशानला आधी ग्रुपमधून काढलं आणि मग विचार करायला बसलो.

ईशानची सायकल गराजमध्ये होती. ग्रॅव्हल बाइक म्हणतात तिला. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड, खडीच्या रस्त्यावर चालणारी. आणि घरापासून तासाभरावर जुना इलिनॉय-मिशिगन कालवा आहे. एके काळी खेचरं काठानं चालत दोरानं नावा ओढायची. आता नावा गेल्या, खेचरं गेली, काठाचा बारीक खडीचा रस्ता राहिला. दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच कालव्याचं पाणी अडवायची, दगडी बांधाची जुनी दारं. मी ईशानचं निळं जाकीट आणि हेल्मेट घातलं, फोन दगडाला टेकवून टायमर लावला आणि पाठमोरा सायकल घेऊन चाललो.

एकोणचाळीस बदाम आले. त्यानंतर दर शनिवारी जातो, फोटो मंडळाच्या ग्रुपवरही टाकतो. आजचा सोळावा फोटो.

१४ सप्टेंबर, रविवार

रेखा दर रविवारी सेंटरला जाते. मी आत्तापर्यंत तीनदा गेलो. तिन्ही वेळा ईशान कॉमन रूममध्ये आला, माझ्याकडं न बघता टीव्हीकडं बघत बसला. बंद टीव्हीकडं.

आज रेखा परत आली आणि चपला न काढता दारातच म्हणाली, "एक नोव्हेंबरला डिस्चार्ज देणार आहेत त्याला."

मला इतका आनंद झाला की मी तिचे हात धरले. तिनं ते सोडवून घेतले.

"त्याला विचारलं, घरी येशील ना. काय म्हणाला माहितीये? म्हणाला, आय अ‍ॅम नॉट कमिंग बॅक टू अ हाउस व्हेअर आय अ‍ॅम इन फ्रान्स."

"त्याला कुणी सांगितलं फ्रान्सचं? तू?"

"ते महत्त्वाचं आहे का?" रेखा म्हणाली. "बंद कर ते. तुझ्या बहिणीला खरं सांग, मंडळात सांग. मुलगा आजारी होता, बरा होतोय. एवढं एक वाक्य आहे."

एवढं एक वाक्य! ते वाक्य बोललं की पुढं आयुष्यभर लोक ईशानकडं कसे बघतील हे हिला कळत नाही. उद्या नोकरी, परवा लग्न. मी तिला शांतपणे समजावलं. एक नोव्हेंबरला तो फ्रान्सहून परत येईल. मे ते ऑक्टोबर, रीतसर सहल, रीतसर शेवट. सगळे म्हणतील वा, आणि विषय संपेल. त्याची पाटी कोरी करून ठेवतोय मी.

रेखा वर निघून गेली. तिला पटलं असावं, कारण नंतर काही बोलली नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

आज कालव्यावरच्या चॅनाहॉन गावाहून निघून अठरा मैल केले. फोटो काढणं वाटतं तेवढं सोपं नाही. मक्याची शेतं चालतात, फ्रान्समध्येही मका असतोच. पण मक्यामागची धान्याची कोठारं, पिकअप ट्रक, घरावरचे झेंडे, कुत्रं फिरवू नका असली पाटी, सगळं टाळावं लागतं. नदीपलीकडं वीजकेंद्र दिसतं. तिथंही असतील वीजकेंद्रं, पण विषाची परीक्षा कशाला. आज एक लांबडा पाव विकत घेऊन सायकलच्या मागं बांधला होता. फोटो झकास आला. पाव मात्र बदकांनी मी टायमर लावेपर्यंत अर्धा संपवला.

फोटो सकाळी अकराला टाकला, म्हणजे तिकडं संध्याकाळचे सहा. शोभनाताईचं लगेच उत्तर आलं, नाशकात रात्रीचे साडेनऊ असतील. "छान. पण संध्याकाळी सहाला ऊन डोक्यावर कसं रे?" मी लिहिलं, उत्तरेकडं दिवस मोठा असतो. मग तिचा वेगळा मेसेज आला, फक्त मला. "सायकलवाल्याला सांग, चढावर उतरून चालत जावं. गुडघ्याला तिळाचं तेल चोळावं. आपल्या घरात सगळ्यांचे गुडघे पन्नाशीनंतर बोलायला लागतात."

ताईचं वय झालं. ईशान बावीसचा आहे हे विसरते. तेल मात्र मी चोळलं, बरं वाटलं.

खरं सांगायचं तर, आणि ही वही कुणी वाचणार नाही म्हणून सांगतो, कालव्यावर मला बरं वाटतं. ते जाकीट घातलं की मी तो असतो, आणि तो ठीक असतो. खडीचा करकर आवाज येत असतो, पाणी हिरवं, संथ. आठ-दहा मैल झाले की मला खरंच वाटायला लागतं की ईशान कुठंतरी सायकल चालवतोय. मग गाडीपाशी येऊन हेल्मेट काढतो आणि आरशात मी दिसतो.

२८ सप्टेंबर, रविवार

मंडळाचा भोंडला. दुपारी रेखा आली नाही, सेंटरला गेली. मी एकटा खिरापतीचा डबा घेऊन गेलो. दिवाळीच्या कार्यक्रमात ईशानच्या फोटोंचा स्लाइड शो ठेवू या, असं कार्यकारिणीचं ठरलंय. मी नको नको म्हटलं, पण फार नको म्हटलं तर संशय येतो, म्हणून हो म्हटलं.

निघताना सुलेखाकाकूंनी गाठलं. काकू निवृत्त डॉक्टर, सत्तरच्या दशकात इथं आलेल्या, फ्रान्स दोनदा बघितलेलं. म्हणाल्या, "फोटो बघते हं मी तुझे. आमच्या इथल्या मॉरिसच्या कालव्यावरची बदकं तिकडं पण गेलेली दिसतात."

मी हसलो. बदकं काय, कुठंही उडत जातात.

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "गुरुदत्त, मी बेचाळीस वर्षं डॉक्टरकी केली. कधी चहाला ये. एकटा आलास तरी चालेल. काही ऐकलं तर मी कुणाला सांगत नाही."

स्लाइड शोचं सूत्रसंचालन त्यांच्याकडं असावं, त्यासाठी आधी माहिती हवी असणार. मी म्हटलं, ईमेल करतो.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी खिचडी लावायला गेलो तर छोटा कुकर सापडेना. रेखाला विचारलं, म्हणाली, "दिलाय एकीला." तळघरातली गादीही दिसली नाही. तीही दिली म्हणे. ईशान यायच्या आधी घर आवरतेय, हे चांगलं लक्षण आहे. मी तिला म्हटलंही, "चांगलं करतेयस." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उगाच फ्रिज उघडून उभा राहिलो.

मेगनबाईंची ईमेल. डिस्चार्जच्या आधी कुटुंबाची एक बैठक, शनिवार अकरा तारीख, दुपारी दोन वाजता. ईशाननं स्वतः मागितली आहे. मी येणं आवश्यक, असं ठळक अक्षरांत. ईशाननं स्वतः! मी ती ईमेल चार वेळा वाचली आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं मला बोलावलं होतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल लिहिणं जमलं नाही. क्रमानं लिहितो.

पुढच्या शनिवारी दिवाळीची तयारी, त्यानंतर दिवाळीच, म्हणजे कालची सकाळ ही फ्रान्सची जवळजवळ शेवटची सकाळ होती. बैठक दोनला. मॉरिसहून निघून मार्सेल्सपर्यंत जायचं आणि परत यायचं, चौतीस मैल. अकरापर्यंत गाडीशी, बाराला घरी, अंघोळ, दोनला सेंटर. हिशेब पक्का होता. मार्सेल्स हे इथल्याच एका खेड्याचं नाव, फ्रान्समधल्या शहरावरून ठेवलेलं. म्हणजे मला पहिल्यांदाच पाटीसकट फोटो टाकता येणार होता! इतके दिवस पाट्या टाळत होतो, आणि ही पाटी खुद्द माझ्या बाजूनं बोलणार होती. मोह आवरला नाही.

सकाळी सहाला रेखा उठलेली होती. "आज नको जाऊस," म्हणाली. "आज एक दिवस नको."

"दोनला पोचतो ना. शब्द देतो."

पाटीचा फोटो उत्तम आला. परतताना वाटेतल्या सेनेका गावाच्या अलीकडं, बरोबर पावणेदहाला, मागचं टायर बसलं. जादा ट्यूब नव्हती, ती मी जुलैत वापरली आणि परत घेतली नाही. मॉरिस अकरा मैल. मी सायकल ढकलत चालायला लागलो. जोरात चाललो तर दीड वाजता गाडीशी, असं वाटलं. पण उजवा गुडघा तीन मैलांनंतर वाकेना.

सेनेकात एक म्हातारी बाई कुत्रं घेऊन समोरून आली. माझा ट्रक तिथंच आहे, तुला कुठं सोडू का, असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, "नो नो, आय अ‍ॅम गुड." का म्हटलं ते आता सांगता येत नाही. तिनं विचारलं असतं कुठून आलास, काय करतोस, एकटाच का. मला त्या वेळी कुणाशी एक वाक्य बोलायची ताकद नव्हती. ती गेली आणि मी तिच्या पाठीकडं बघत राहिलो.

सव्वाबाराला एका ओंडक्यावर बसलो तेव्हा मार्सेल्सचा फोटो ग्रुपवर टाकला. तिकडची सव्वासात ही वेळ निघून गेली असती तर फोटो फुकट गेला असता. "मार्सेल्सला पोचला आपला ईशान!" धडाधड बदाम आले.

दीडला रेखाचा फोन. एकला पाच मिनिटं कमी असताना एक येऊन गेला होता. दोनला एक, दोन-दहाला एक. बॅटरी भरपूर होती, रेंजही होती. मी हातात फोन धरून तिचं नाव बघत उभा राहायचो, आणि तो थांबला की चालायला लागायचो. उचलला असता तर कुठं आहेस ते सांगावं लागलं असतं. पोचूनच सांगू, असं वाटत होतं. आता जरा पुढं गेलं की सांगू. आणखी एक मैल झाला की सांगू. प्रत्येक मैलाला सांगणं जास्त अवघड होत गेलं, आणि शेवटी शेवटी तर फोन खिशात नुसता थरथरला तरी मला धाप लागायची.

सव्वादोनला गाडीशी पोचलो. सेंटरला साडेतीन. अंगावर ईशानचंच निळं जाकीट होतं, गुडघ्यापर्यंत चुनखडी.

मेगनबाई कॉरिडॉरमध्ये भेटल्या. ईशान तीनपर्यंत बसला होता, म्हणाल्या. माझी खुर्ची त्यानं स्वतः मांडली होती. रेखाच्या फोनवर तो मार्सेल्सचा फोटो आलेला होता. तिनं तो त्याला दाखवला. का दाखवलास, असं मी तिला पार्किंगमध्ये ओरडून विचारलं.

"कारण तो दारावर अपघाताची बातमी येईल अशा चेहऱ्यानं बसला होता," रेखा म्हणाली. "मला वाटलं, जिवंत आहेस एवढं तरी त्याला कळू दे."

१५ ऑक्टोबर, बुधवार

रेखानं जेवताना सांगितलं. नेपरव्हिलला तिनं दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलंय. एक तारखेला ईशान तिथं येईल, ती त्याच्याबरोबर राहील. सप्टेंबरातच घेतलं. कुकर, गादी, पांघरुणं तिकडं आहेत.

"आणि मी?"

"तू घरी."

"किती दिवस?"

"तो म्हणेल तितके." ती रडत नव्हती. तिनं वाढलं, मी जेवलो. भाजीत मीठ नव्हतं आणि दोघांपैकी कुणी ते बोललं नाही. नंतर मी विचारलं, "आत्ता जर मी सगळ्यांना सांगितलं तर?"

"तर सांग," रेखा म्हणाली. "पण त्याला परत मिळवायचं म्हणून सांगणार असशील तर नको. त्याला ते लगेच कळतं."

मग कशासाठी सांगायचं असतं? मला खरंच कळत नाही. मी त्याच्यासाठीच तर सगळं केलं. दर आठवड्याला, या गुडघ्यांनिशी. त्याच्यासाठी नाही तर कुणासाठी?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. रेखा तिकडं. मी एक पणती लावली. मंडळात स्लाइड शो शनिवारी झाला, मी ताप आलाय म्हणून कळवलं. फारच छान झाला म्हणे.

झोप येत नाही. डोळे मिटले की मांडलेली खुर्ची दिसते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. दरवर्षी ताई व्हिडिओवर ओवाळते. सकाळी साडेसातला फोन आला, ती नऊवारीबिवारी नेसून, तबक घेऊन तयार. मी दाढी केली नव्हती. तिनं निरांजन फोनसमोर फिरवलं, तिच्या पडद्यावर माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मग तबक खाली ठेवून म्हणाली, "दत्तू, ओवाळणी."

"सांग ना ताई, काय पाठवू?"

"पाठवायचं काही नाही. ईशान कुठंय ते सांग."

मी म्हटलं, मार्सेल्सच्या पुढं. म्हणजे म्हणायला तोंड उघडलं. ताई सत्तर वर्षांची, केस पार पांढरे, चष्मा नाकावर, आणि ती वाट बघत होती. मला पाच वर्षांचं असल्यासारखं रडू फुटलं. मग सांगितलं. अकरा दिवस, हॉस्पिटल, सेंटर, मार्सेल्स, खुर्ची.

"झालं?" शेवटी म्हणाली. "नाक पूस. मला जूनपासून ठाऊक आहे."

"रेखानं..."

"ईशाननं. दर बुधवारी फोन करतो मला. आणि तू पहिला फोटो टाकलास तेव्हाच ओळखलं मी. तू लहानपणापासून डावा पाय बाहेर फेकत चालतोस, ते जाकिटानं झाकतं का?"

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलणारच होते. तो म्हणाला, आत्या, नको. बाबांना स्वतःहून सांगू दे. दर बुधवारी विचारायचा, बाबा काही बोलले का? मी म्हणायचे, नाही बाळा, अजून नाही."

वीस बुधवार झाले असतील. मी विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे?

ताईनं चष्मा काढून पुसला. "दत्तू, बायकांचा वेगळा ग्रुप असतो रे."

म्हणजे मला बदाम पाठवणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक होतं. कुणी हसलं नाही, कुणी विचारलं नाही, बिचारे दर शनिवारी बदाम देत राहिले. मी ज्यांच्यापासून ईशानला लपवत होतो ते त्याच्याशी बोलत होते. बोलत नव्हतो तो मी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

ग्रुपवर लिहायला बसलो. आधी लांबलचक लिहिलं, त्यात डिप्रेशन म्हणजे काय यावर एक परिच्छेद होता. ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे सगळं ईशानबद्दल आहे. आजार त्याचा, तो सांगेल नाही तर नाही सांगणार. तू काय केलंस ते लिही."

शेवटी हे पाठवलं. "ईशान फ्रान्सला गेलेला नाही. मी खोटं सांगितलं. फोटोतला माणूस मी आहे. त्यानं मला भेटायला बोलावलं तेव्हाही मी फोटोच काढत होतो. गुरुदत्त."

आधी मावसभावाचं आलं, "ठीक आहे रे." मग एकीचे जोडलेले हात. सुलेखाकाकूंना वेगळं पाठवलं, त्यांनी लिहिलं, "चहा उकळतोय." मला वाटलं होतं आभाळ कोसळेल, आणि काहीही कोसळलं नाही. हेच जास्त सहन होईना. इतकंच होतं तर मी कशाला भीत होतो?

रेखाला विचारलं, ईशानला कळलं का. तिनं दाखवलं त्याला. "काय म्हणाला?" "वाचलं म्हणाला." एवढंच.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज तो बाहेर आला. मला बोलावलं नव्हतं. मी सकाळपासून घरात फिरत होतो, त्याची खोली दोनदा झाडली, उगाच. साडेबाराला रेखाचा मेसेज. "ईशानला त्याची सायकल हवी आहे. तीनला आण. वर येऊ नकोस, तो खाली येईल."

मागच्या टायरला नवीन ट्यूब मी घातली होती. सायकल पुसली, साखळीला तेल दिलं. जाकीट धुऊन पिशवीत ठेवलं. नेपरव्हिलला अडीचलाच पोचलो आणि गल्लीच्या टोकाला थांबलो. तीनला एक मिनिट कमी असताना दारासमोर आलो.

तो खाली आला. वजन वाढलंय, दाढी राखलीय. मी इतके महिने त्याच्या कपड्यांत फिरलो आणि तो कसा दिसतो हे विसरलो होतो. मी सायकल पुढं केली. त्यानं हँडल धरलं, मी सोडलं.

"हाऊ फार डिड यू गो? त्या दिवशी?" सायकलकडं बघत त्यानं विचारलं.

"मार्सेल्सपर्यंत. येताना टायर गेलं."

"अँड यू वॉक्ड. इलेव्हन माइल्स. मॉम सेड."

"हो."

"यू हॅड युअर फोन."

"होता."

"मग?" हे त्यानं मराठीत विचारलं. "व्हाय डिडन्ट यू कॉल? वी वुड हॅव कम. मॉम अँड मी, मेगननं सोडलं असतं आम्हाला. वी वुड हॅव जस्ट कम अँड गॉट यू."

माझ्याकडं उत्तरं होती. अकरा मैल चालताना बरीच तयार केली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"लाज वाटली," मी म्हणालो. "सुरुवातीलाच नाही केला, आणि मग जितका उशीर होत गेला तितकी जास्त लाज वाटायला लागली. फोन हातात होता रे. नाही करता आला."

त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते, माझेही.

"याह," तो म्हणाला. "इलेव्हन डेज."

मला पुढं होऊन त्याला धरायचं होतं. मी पाऊल उचललं आणि तो मागं सरकला, फार नाही, एक वीतभर. मी तिथंच थांबलो. माफ कर, असं मी म्हणालो, की नुसतं मनात म्हणालो, आता आठवत नाही.

त्यानं खिशातून छोटा पाना काढला. सीट मी माझ्या उंचीला दोन इंच खाली घेतली होती. त्यानं ती सैल केली, वर ओढली, डोळा बारीक करून सरळ आहे का बघितली, घट्ट केली. जाकिटाची पिशवी माझ्या हातात तशीच राहिली. तो सायकलवर बसला आणि गेला. कोपऱ्यावर वळताना हात दाखवला, तो मला की मागून येणाऱ्या गाडीला, कळलं नाही.

मी उभा राहिलो. वीस मिनिटं झाली असतील. थंडी पडायला लागली होती. रेखा बाल्कनीत आली.

"येईल ना परत?" मी खालून विचारलं.

"येईल," ती म्हणाली. "इथून नदीपर्यंत जातो म्हणालाय, फोन घेऊन गेलाय. पण तू दारात असलास तर तो चकरा मारत बसेल, गुरुदत्त. काळोख पडायच्या आत त्याला घरी यायचंय. तू नीघ आता."

मी पिशवी पायरीवर ठेवली आणि गाडी सुरू केली.